एका शेतातलं नको

"एका शेतातलं नको, ताई," असं म्हणून दादा बशीवरची माशी हाकलावी तसा हात आडवा हलवायचे. कुणाच्या वाढदिवसाला केळी आणायची असली तरी हेच. सहा एका गाडीवरची, सहा दुसऱ्या गाडीवरची. ट्यूबलाइट दोन लागल्या तर एक खालापुरातून आणि दुसरी कर्जतहून. का, असं विचारलं की म्हणायचे, "एक गेली तर तिची भन बी तिच्या मागं जाते." दुकानदार वैतागायचे, आणि संस्थेची खरेदी माझ्याकडे असल्यामुळे मीही वैतागायचे.

असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. त्याच्यावर हसत हसत सगळे त्याच्याच जिवावर निर्धास्त असतात.

दादांचं मूळ गाव भिवपुरीजवळचं. बियाण्याचं भात पेंढ्यात बांधून त्याची मुडी करून ठेवायची तिथली रीत. दादांचे वडील तीन वेगळ्या खाचरांतलं बी घेऊन तीन मुड्या बांधत. एक घरात, एक मामाकडे, एक शेजाऱ्याच्या माळ्यावर. उंदीर लागो, आग लागो, पेरणी कधी चुकली नाही, असं दादा सांगत. स्वतः मात्र ते शेतीत रमले नाहीत. वीजकेंद्रात कंत्राटावर वायरमन झाले, कॉम्प्युटर कुणाकुणाच्या पाठीमागे उभं राहून शिकले आणि चाळिशीत आमच्या संस्थेत आले.

आमची संस्था लहानशीच. खालापूरच्या बसथांब्यापासून पाच मिनिटांवर तीन खोल्या. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं आणि त्यांचे आवाज जपून ठेवायचे, एवढंच काम. लावणीची गाणी, विसरलेल्या भातांची नावं, कोण कुठून कसं आलं. ते आवाज ठेवायला दादांनी तीन जुनी यंत्रं जोडून एक साठा उभा केला होता. त्याचं सॉफ्टवेअर कुणालाही फुकट घेता येणारं. तीन यंत्रं मिळून एकच कपाट असल्यासारखी चालत आणि आत टाकलेल्या प्रत्येक आवाजाच्या तीन प्रती होत, प्रत्येक यंत्रात एक. एखादं यंत्र मेलं तर उरलेली दोन मिळून नव्याला सगळं शिकवत. दादांना हे समजावून द्यावं लागलं नाही. त्यांच्या दृष्टीने त्या मुड्याच होत्या.

एका हिवाळ्यात मी दादांच्या बायकोचा आवाज घेतला. भिसेगावात दोघांचं घर होतं. वहिनी मोजकं बोलायच्या, पण त्या दिवशी रंगल्या. बेचाळीस मिनिटं झाली. दादा त्या वेळी कामावर होते. पुढच्या पावसाळ्यात वहिनी गेल्या. पंधरा दिवसांच्या दुखण्यात.

महिनाभराने मी दादांना म्हटलं, "पेनड्राइव्हवर घालून घरी न्या की."

"नको ताई. घरी नेलं तर आयकंन. आयकलं तर कामाला येनार नाय." मग आतल्या खोलीकडे मान वळवून म्हणाले, "हितं हाय ना. बास झालं."

त्यांनी ते एकदाही ऐकलं नाही. पण रोज सकाळी यादी उघडून वहिनींचं नाव जागेवर आहे का, ते बघत. मी पाहिलं आहे म्हणून सांगते.

जुनी यंत्रं धापा टाकू लागली तेव्हा विश्वस्तांनी ठरवलं की जुळवाजुळव पुरे, आता कंपनीनेच बांधून दिलेले, वॉरंटीचे तीन सर्व्हर घ्यायचे. दादांना ते पटलं. हात राखून काम करणारा माणूस नव्हता तो, चांगल्या वस्तूचा त्यांना लोभ होता. मागणीपत्र त्यांनी स्वतः लिहिलं. त्यात सगळ्यात खाली एक ओळ होती. तिन्ही सर्व्हरमधल्या डिस्क वेगवेगळ्या लॉटच्या, म्हणजे कारखान्यातून वेगवेगळ्या वेळी निघालेल्या, असाव्यात.

विक्रेत्याच्या माणसाचा मला फोन आला. "मॅडम, आमचा माल जुळवून तयार येतो. लॉट वेगळे हवेत तर दोन महिने थांबावं लागेल." मार्च संपत आला होता आणि मिळालेला निधी वापरला नाही तर परत जाणार होता. मी ती ओळ खोडली आणि पत्र नव्याने छापलं. केळ्यांसारखंच हेही एक खूळ, असं मला वाटलं. दादांना विचारायला आतल्या खोलीपर्यंत दहा पावलं चालावी लागली असती. मी चालले नाही.

खोकी आली. दादांनी प्रत्येक डिस्क बाहेर ओढून तिच्यावरचा आकडा वाचला. सगळे एकापुढे एक, शाळेतल्या हजेरीसारखे. ते उकिडवे बसूनच माझ्याकडे वळले. "एकाच शेतातलं आलंय."

"कंपनीनेच असं पाठवलं," मी म्हटलं.

त्यांनी डिस्क एकेक करून परत आत सरकवल्या. बाहेर दुसरीकडे आणखी एक प्रत ठेवू, असं त्यांनी पुन्हा सुचवलं, आणि ते पुढच्या वर्षावर गेलं. जुनी यंत्रं माझ्या सहीने भंगारात गेली.

ती नवी यंत्रं छान चालली. इतकी, की आम्ही त्यांना विसरलो. आणि एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत पहिली डिस्क बंद पडली. दादा डबा टाकून आत गेले. चहापर्यंत दुसऱ्या यंत्रातल्या दोन गेल्या आणि संध्याकाळी तिसऱ्यातल्या. त्या लॉटमध्ये कारखान्यातच चूक राहिली होती. ठरावीक तास भरले की डिस्क बंद. सगळ्या एकाच दिवशी चालू झालेल्या, म्हणून सगळ्यांचे तासही एकाच दिवशी भरले. कंपनीने नव्या डिस्क तत्परतेने पाठवल्या. त्या कोऱ्या होत्या.

दादांनी आठवडाभर खपून जे निघालं ते काढलं. निम्म्याहून जास्त वाचलं. बाकीच्यांची नावं यादीत तशीच होती, वेळही तशीच. उघडलं की काटा पुढे सरके, सेकंद मोजले जात, आवाज मात्र नाही. वहिनी त्यातल्याच.

त्यानंतर मी जे पाहिलं ते मला अजून सोडत नाही. आवाज होता तोवर एकदाही न ऐकणारा तो माणूस रोज दुपारी कानाला हेडफोन लावून ती बेचाळीस मिनिटं ऐकू लागला. डोळे मिटून, शेवटपर्यंत. मधे कुणी हाक मारली तर बोट वर करून थांबवायचे, पलीकडे कुणी बोलत असल्यासारखे.

"दादा, काही नाहीये त्यात," एकदा मी म्हटलं.

"सगळं पुसत नाय ताई. तुकडं ऱ्हातात. कुटंतरी असंल."

आणि खरंच निघालं. पावणेदोन महिन्यांनी ते माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावले. खरखर, मग लख्ख आवाज. माझा. "वहिनी, या घरात पहिल्यांदा आलात, त्या दिवशी काय वाटलं?" मग बांगड्या वाजल्या, कुणीतरी श्वास घेतला आणि पुन्हा सगळं बंद.

मला राहवलं नाही. "दादा, ती लॉटची ओळ मी खोडली होती. कंपनीने नाही."

"ते माईत हाय मला. फायलीत छापील कागद बघितला व्हता तवाच." ते स्टूल ओढून समोर बसले. "ते सोडा. तुमी व्हता ना तिथं? मंग ती काय म्हनाली?"

मला आठवत नव्हतं. शपथेवर सांगते, एक शब्दही नाही. मी तेव्हा पुढचा प्रश्न वहीत शोधत होते. दादा माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि त्या चेहऱ्यापुढे 'विसरले' म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

"म्हणाल्या," मी म्हटलं, "घरात अंधार होता. पण ह्यांनी दिवा आधी माझ्या बाजूला ठेवला, म्हणून भीती गेली."

दादांनी माझ्या कानावरचे हेडफोन काढून घेतले. मग म्हणाले, "दिवा नाय. कंदील व्हता तवा. कंदील म्हनाली असंल."

"हो. कंदीलच म्हणाल्या."

त्यांनी मान हलवली. हेडफोनची वायर नीट गुंडाळली आणि आत ठेवून आले. त्या दिवसानंतर त्यांनी ते रेकॉर्डिंग उघडलं नाही. महिनाअखेर नोकरी सोडून ते गावी गेले आणि गेल्या थंडीत तिथेच वारले. मी त्यांच्या तेराव्याला गेले तेव्हा त्यांच्या भावजयीने मला बसवून घेतलं आणि कौतुकाने सांगू लागली, भाऊजी इथे आल्यापासून सगळ्यांना सांगायचे, आमची जाऊ घरात आली त्या दिवशी त्यांनी कंदील कसा तिच्या बाजूला ठेवला होता, आणि तिची भीती कशी गेली. मी "हो का?" म्हणाले.

वहिनींचं खरं उत्तर आठवायचा मी अजूनही प्रयत्न करते. ती भिसेगावची खोली डोळ्यांसमोर येते, बांगड्या वाजतात, वहिनी श्वास घेतात, आणि मी बनवलेलं वाक्य त्यांच्या आवाजात बोलतात.