घासून टाकलेलं नाव

सर गेल्याचं मला मासळीबाजारात कळलं. बांगड्यांचा वाटा पिशवीत टाकून घेत होते, तेवढ्यात दिलशादभाभीचा फोन आला. "बाई, सर गेले ओ," एवढंच म्हणाली. आणि पहिला विचार काय यावा मनात? ते नाव शेवटी वाचायचं राहिलं की काय, हाच. माणूस गेल्याच्या घटकेला असलं सुचतं याची लाजच वाटली. पण कित्येक महिने आम्ही दोघं त्या एका नावामागे लागलो होतो. दुसरं काय सुचणार?

जाधव सर आमच्या शाळेत इतिहास शिकवायचे आणि मी चित्रकला. नोकरीत असताना आमचं फारसं पटत नसे. नकाशे माझ्याकडून काढून घ्यायचे आणि वर त्यातच चुका काढायचे. निवृत्त झाल्यावर हा माणूस राजिवड्यातल्या मौलानांकडे अरबी लिपी शिकायला जाऊ लागला. जुन्या कबरींवरचे लेख वाचायचे होते म्हणे. तिथून गाडी तलवारींवर गेली ती माझ्या शेजारणीमुळे, दिलशादभाभीमुळे. तिचे सासरे जहाजावर खलाशी होते. काळ्या समुद्राकडच्या कुठल्याशा बंदरातून त्यांनी एक जुनी तलवार आणलेली. पलीकडच्या कॉकेशसच्या डोंगरात घडवलेली, मुठीला आडपट्टी नसलेली. तिकडे तिला शाश्का म्हणतात. ती भाभीच्या माजघरात भिंतीवर टांगलेली असते, आणि हवा दमट झाली की भर दुपारी म्यानातल्या म्यानात कटकट वाजते. भाभी म्हणते, "सासऱ्यांच्या वेळेपासून वाजते, आम्हाला सवय झालीय." मला नाही झाली.

तिच्यावरचा लेख वाचायला सर गेले आणि अडकले ते अडकलेच. मग तसल्या तलवारी जमवणाऱ्या देशोदेशीच्या लोकांकडून फोटो मागवून घ्यायचे, पात्यांचे ठसे मागवायचे आणि वाचत बसायचे. पात्यावर पुष्कळदा दोन नावं असतात, हे त्यांनीच मला सांगितलं. मालकाचं सोन्यात भरलेलं, आणि घडवणाऱ्याचं नुसतं कोरलेलं, 'अमल' या शब्दापुढे. "आपल्याकडे अमल म्हणजे सत्ता, बाई. यांच्याकडे अमल म्हणजे काम. अमक्याचं काम." हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. सरांचा आजा चिरेखाणीत चिरे काढायचा. गावातल्या निम्म्या जुन्या घरांच्या भिंतीत त्याच्या हातचा जांभा असेल, आणि त्याच घरांची पडवी त्याला चढू देत नव्हते. "माझ्या आज्याचं नाव एका तरी चिऱ्यावर आहे काय, बाई?" सर विचारायचे. माझं माहेर तसल्याच चिऱ्यांचं, तसल्याच पडवीचं.

एखादं नाव लागलं की त्यांची एक रीत होती. ते मोठ्यानं उच्चारायचे आणि गप्प बसून राहायचे, हाक मारून ओ यायची वाट बघतात तसे. खोलीत दोरीवर ठशांचे कागद लटकत असायचे, काजळीनं काळे झालेले. एकदा त्यांनी कुणा उस्मानचं नाव घेतलं आणि मागल्या दाराकडून स्पष्ट 'हूं' असा आवाज आला. मी वळून बघितलं, तर दाराला आतून कडी. "कुणी आलंय का, सर?" मी विचारलं. कागद गुंडाळत म्हणाले, "आता गेला." थट्टा करत होते की काय, देव जाणे. मी अर्धा चहा तसाच ठेवून घरी आले.

भाभीच्या तलवारीचं दुखणं वेगळं होतं. मालकाचं नाव सोन्यात लखलखीत, आणि 'अमल'च्या पुढचं कुणीतरी कानशीनं घासून टाकलेलं. गंजलेलं नव्हे, मुद्दाम घासलेलं. दोन-तीन रेघा काय त्या उरल्या होत्या. "हा माणूस जन्मलाच नव्हता असं कुणाला तरी करायचं होतं," सर म्हणाले. "हे नाव वाचल्याशिवाय मी मरायचा नाही." मी म्हटलं, "मग वाचूच नका, तेवढेच जास्त जगाल." हसले, पण डोळ्यांत हसू नव्हतं.

पुढे काचबिंदूनं डोळेच गेले, तेव्हा मला बोलावणं आलं. मला अरबीतलं एक अक्षर ओळखता येत नाही, पण समोर दिसेल ते हुबेहूब काढता येतं. मी भिंगातून ठसा बघायची आणि बोटानं त्यांच्या तळहातावर रेघ जशीच्या तशी ओढायची. ते वाचायचे. "वायच दाबून काढा. हा ठिपका की ओरखडा?" अशी आम्ही कितीतरी नावं लावली. पण भाभीच्या तलवारीवरच्या त्या रेघा शंभरदा काढल्या असतील. दर वेळी सर मूठ मिटून घ्यायचे आणि म्हणायचे, "नाही. तो बोलत नाही."

शेवटची भेट इस्पितळात झाली, ते जाण्याच्या आदल्या दुपारी. बोलणं बंद झालं होतं. मी खुर्ची ओढून बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. ठसा घरी, भिंगही घरी. मी त्यांच्या हातावर काहीही काढलं नाही, हे शपथेवर सांगते. थोड्या वेळानं त्यांनीच माझा हात उलटा केला आणि तळव्यावर बोट फिरवायला लागले. उजवीकडून डावीकडे, सावकाश. मग पुन्हा तेच. बोट गार पडलेलं होतं. मग हात सोडला आणि तोंड भिंतीकडे केलं... मी बाहेर आले आणि तळव्याला जे कळलं होतं ते औषधाच्या पाकिटावर काढून ठेवलं.

जलदानविधी झाल्यावर मी ते पाकीट घेऊन मौलानांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला. "अमल इद्रीस. इद्रीसचं काम," म्हणाले. मग पाकीट जवळ धरून बराच वेळ बघत राहिले. "बाई, हे वळण जाधव सरांचं नाही. मी त्यांना लिहायला शिकवलंय. हे लोखंडात खोदणाऱ्याचं वळण आहे."

गेल्या आठवड्यात भाभीच्या तलवारीची मूठ सैल झाली म्हणून तिनं ती लोहाराकडून काढून घेतली. मुठीच्या आत पात्याचा जो भाग दडलेला असतो, तिथं कोरलेलं निघालं. नाव घासणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं, घडवणाऱ्याला होतं. मौलाना आले, वाकून वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी शेजारी पाकीट ठेवलं. रेघेला रेघ तीच होती. माझा मुलगा फोनवर म्हणतो, उरलेल्या रेघांवरून सरांना अंदाज आला असणार. असेल. मी वाद घालत नाही.

भाभी म्हणाली, "सर असते तर मोठ्यानं बोलले असते." मग मीच हजेरी घेतल्यासारखं म्हटलं, "इद्रीस." आणि वाटलं, आता लगेच सरांच्या आज्याचंही नाव घ्यावं. तोंड उघडलं, आणि नाव येईना. सर नेहमी 'माझा आजा' म्हणायचे. नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. सरांच्या भावाला विचारलं, पुतण्यांना विचारलं. कुणालाच माहीत नाही. सरांना तरी माहीत होतं की नाही, कुणास ठाऊक.

हल्ली दुपारी मी माहेरी जाते आणि पडवीत चिऱ्यांच्या भिंतीला टेकून बसते. हात मांडीवर उघडा ठेवते. कधी कधी तळव्याला गार लागतं, मग मी हात हलवत नाही. या खेपेला अक्षरं मराठी असू देत, सर, एवढंच म्हणते.