पुलावरचा म्हातारा

आमच्या ओटीवरून माजघरात जाणाऱ्या दाराच्या वर एक चिनी कोरीव फळी बसवलेली होती. आजोबा बोटीवर नोकरीला होते, त्यांनी ती पूर्वेकडच्या कुठल्याशा बंदरातून आणलेली. लाल-सोनेरी रंगात एक पूल, खिडकीत बसलेली बाई आणि पुलावर छत्री घेतलेला म्हातारा. चेहरे तांदळाच्या दाण्याएवढे, तरी डोळे-मिशा सगळं रंगवलेलं.

दुपारी वाडीला पाणी लावून झालं की आत्या आणि मी त्या दाराशी चटई टाकून पडायचो. आत्याने लग्न केलं नव्हतं. जिभेची तिखट, पण फळीकडे बघायला लागली की आवाज मऊ व्हायचा. "आज निम्म्यावर आला गं म्हातारा," म्हणायची. केळीच्या पानांतलं ऊन फळीवर हलायचं आणि मला तो खरंच चालताना दिसायचा. त्यातच कधीतरी डोळा लागायचा.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, मी कॉलेजात असताना, बाबांनी कौलं काढून स्लॅब टाकायचं ठरवलं. मुंबईहून जुन्या वस्तू घेणारे एक गृहस्थ आले आणि फळी पाहून हरखलेच. पुढच्या रविवारी नेतो म्हणाले. आत्या त्या दिवशी जेवली नाही.

आमच्याकडे नाताळ असो की लग्न, घरातल्या लाकडाला ऑइलपेंट लागतोच. परक्याच्या हाती कळकट वस्तू कशी द्यायची, म्हणून शनिवारी बाबांनी फळी उतरवून माझ्या हाती डबा-ब्रश दिला. आत्याला ते बघवेना, ती दिवसभर वाडीत बसून राहिली. मी मेली हौशी! चकचकीत लाल रंगाचे दोन हात दिले, वर सोनेरी कडा काढल्या.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आम्ही घरी आलो, तर गृहस्थ दारात हजर. फळी पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, काय करून ठेवलंत हे!" चहाही न घेता गेले. बाबांचा चेहरा पडला. आत्याने मला घट्ट मिठी मारली. "राहिला गं! आपला म्हातारा घरीच राहिला!"

बाबांनी फळी पुन्हा दारावर चढवली. दुपारी आत्या चटईवर पडून खूप वेळ वर बघत राहिली.

"कुठाय गं तो?"

मी पुलावरचा उंचवटा बोटाने दाखवला. नाक, डोळे, मिशा, सगळं रंगाखाली बुजलं होतं.

"पाठमोरा झालाय वाटतं," आत्या म्हणाली. मला रडू फुटलं, तशी ती माझ्या बोटांना लागलेला लाल रंग पदराने पुसायला लागली.