मामाच्या घशातली दुसरी गाठ

मामाला अन्ननलिकेचा कॅन्सर हाये, हे आम्हाला ठाऊक होतं. आधी भाकर अडकायची, मग वरण, मग च्यासुदिक. रेडिएशनचा शेक द्यायच्या आधी डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं, तर वर घशात अजून एक गाठ. तिचा तुकडा तपासून आला, तीबी कॅन्सरचीच.

डॉक्टर पुढं काय काय सांगत होते, पण मामीचं ध्यान तिथंच अडकलं. बाहेर येऊन तिनं गावाकडं, सोयगावला फोन लावला. "पसरलाय. भेटून घ्या."

दुपारपर्यंत वॉर्डात जीपभर सोयगाव. मावशीनं भरीत-भाकरी आणली, मामाला लई आवडती म्हणून. ज्याला पाणी उतरंना त्याला भरीत! माझ्या बहिणीच्या लग्नात टॉवेल-टोपी मिळाली नाय म्हणून बोलणं सोडलेला चुलतमामाबी आला. जयभीम करून त्यानं मामाचा हात धरला, सोडंचना.

मामा माझ्या कानात म्हणाला, "हा आला म्हंजी मी गेलोच का रं?"

मी हसलो. तिकडं मामी पिशवी भरत होती. "घरी नेऊ. उगं हाल कशाला?"

मला बसवंना. कॉरिडॉरात चकरा, जिन्यात चकरा. पसरला, असं डॉक्टर नेमकं म्हणाले व्हते का? आठवंना. शेवटी ओपीडीत घुसलो. डॉक्टरांनी चष्मा नाकावर आणून मला सगळं परत सांगितलं. मी पळतच वर आलो.

"मामी, पिशवी ठेव. पसरला नाय."

"तू गप. तुझं नेहमीचं नाटक."

नुसतं सांगून ती ऐकणार नव्हती. मी मावशीचा चष्मा घेऊन नाकावर आणला आन डॉक्टरांच्या आवाजात सुरू झालो. "हे बघा, एकातून दुसरा झालेला नाही. दोन्ही वेगवेगळे, आपापले उगवलेत. बिडीचा धूर दोन्हीकडून गेला. कळलं का? दोन्हीवर एकदमच शेक आणि केमो देता येईल. कळलं का?"

वॉर्ड हसला. मामी नाय हसली. "आन पुढं?"

पुढचं गाळावं वाटलं. पण आवाज त्यांचा व्हता, मग बोलणंबी त्यांचंच पायजे. "वजन फार घटलंय. आधी नाकातून जेवणाची नळी. घसा भाजंल, लई त्रास हुईल. ग्यारंटी नाय." मधीच आवाज माझा झाला.

मामा उठून बसला. "म्हंजी मरतोच, असं ठरलं नाय ना?"

"नाय."

"मग ह्या समद्यांला कुणी बोलावलं?" तो मामीकडं वळला. "ए, नळीला व्हय म्हण."

मामीनं पिशवी खाली ठेवली आन सिस्टरकडं गेली.

सिस्टर पातळ नळी घेऊन आली. पाव्हण्यांना बाहेर काढलं, पण समदे दारातच थांबले. ती मामाला म्हणाली, "काका, गिळा. अजून एकदा. गिळा."

मामानं डोळे गच्च मिटले. दारात मावशीनं आवंढा गिळला. चुलतमामाच्या गळ्याची घाटी वर-खाली झाली. मामीनं तोंडात पदर धरलेला, तरी गिळत व्हती. मलाबी थुंकी पुरंना.

"गिळा, काका. झालंच."

आम्ही समदे गिळत राहिलो.