इस्रायल, साडू आणि मास्तर

आमच्या साडूंइतका वादाला हट्टी माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा सापडला, तर मी मिशी उतरवून देईन. साडू टेंभुर्णीचे. जन्मभर सरकारी मोजणी खात्यात शेतांच्या हद्दी मोजल्या आणि निवृत्त झाल्यावर, दुसरं काही उरलं नाही म्हणून की काय, इस्रायल मोजायला घेतलं. ज्यूंचं राष्ट्र का झालं, हा प्रश्न ते कुठे काढतील याचा नेम नाही. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी व्याह्यांच्या पत्रावळीवर भाताची हद्द घातली, बाजूला वरणाचा भूमध्य समुद्र सोडला आणि विचारलं, "आता सांगा, ही जमीन इंग्रजानं किती जणांला कबूल केल्ती?" व्याही घास हातात धरून बसले. मी लाजेने पाणी वाढायला उठलो. ठिबकच्या नळ्या विकायला आलेला एक गृहस्थ नुसतं "इस्रायलचं तंत्रज्ञान" म्हणाला, तर त्याला मोसंबीखाली दोन तास बसवून ज्यूंना घर देऊ म्हणणारं १९१७ चं इंग्रजांचं पत्र समजावलं. तो आपली पिशवी तिथेच विसरून पळाला.

त्यांना पुरून उरणारा माणूस एकच, त्यांच्या शेजारचे निवृत्त मास्तर. रोज सकाळी मास्तरांच्या ओट्यावर चहा आणि वाद. साडू म्हणायचे, "एकच वावर दोघांला कबूल केलं, अन् आधीपासून नांगर धरून बसलेल्याला कोणी इचारलंच न्हाई!" मास्तर शांतपणे म्हणायचे, "गावोगाव हाकललेल्या माणसाला आपलं म्हणून एक दार लागतं, साहेब. माझा आजा गावाबाहेर राह्यला. तुमच्या मोजणीच्या साखळीत ते मावत न्हाई." मग साडू दिवसभर धुमसत. अठ्ठेचाळीस साली इस्रायल झालं ते चौदा मेला की पंधरा मेला, यावरून दोघांनी एकदा आठवडाभर अबोला धरला होता, तोही रोज समोरासमोर बसून.

मागच्या दिवाळीनंतर मास्तरांना लकवा झाला. हातपाय सावरले, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलतं करत राहा. त्यांच्या बायकोने नातवंडांची नावं विचारून पाहिली, पण मास्तर भिंतीकडे बघत राहायचे. त्या माउलीचे हाल मला बघवत नव्हते.

एका सकाळी मी भेटायला गेलो, तर साडू खाटेशी बसून मोठ्याने सांगत होते, "इस्रायल झालं सतरा साली. इंग्रजाचं पत्र आलं, दुसऱ्या दिवशी झेंडा. युरोपातल्या छळाचा बिलकुल संबंध न्हाई!"

मला धक्काच बसला. एका तारखेसाठी आठवडाभर अबोला धरणारा हा माणूस! यांच्याही डोक्याला काही झालं की काय! "अहो, काहीतरीच काय!" मी म्हणालो, तर त्यांनी माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात खाट करकरली. मास्तरांचा चेहरा लालबुंद झाला होता. हात आपटत ते ओरडले, "न... न्हाई!"

त्यांच्या बायकोच्या हातातला चहा सांडला. मी ताडकन उभा राहिलो.

"न्हाई म्हंजे? मंग कवा?" साडू कडाडले.

"अठ्ठे... चाळीस!"

"मला मान्य न्हाई," साडू म्हणाले, पण त्यांचा आवाज फाटला होता.

तेव्हापासून ते रोज एक नवी चूक वहीत लिहून नेतात. आयुष्यात कुणाला हार न गेलेला माणूस रोज सकाळी हरतो आणि खुशीत घरी येतो. परवा मीही सोबत होतो. साडूंची चूक सांगून झाली, तरी मास्तर भडकले नाहीत. बराच वेळ शब्द जुळवत राहिले आणि मग म्हणाले, "मुद्दाम... चुकून राह्यले... तुम्ही."

साडू मान खाली घालून वही मिटू लागले. मास्तरांनी वहीवर आपला हात ठेवला.

"उद्या बी... या. चुकायला."