उलरिचसाहेबांच्या बागेतला खड्डा

जर्मनीत वाल्डॉर्फला माझ्या मुलाच्या, आनंदच्या घरी रविवारी चार मराठी माणसं जमली, की चहा उकळायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "आजोबा, तो खड्ड्याचा किस्सा सांगा!" मी म्हणतो, सांगतो. पण तो एकटा निघत नाही. कोथिंबिरीची एक काडी ओढावी आणि अख्खी जुडी हातात यावी, तसं त्या एका शनिवारचं झालंय.

शेवटी सुजाता म्हणाली, "बाबा, लिहूनच काढा." सुजाता माझी सून. शाळा मी पाहिली नाही, अक्षरं मला तिनंच शिकवली, साठी उलटल्यावर. म्हणून सावकाश लिहितो. तुम्हीही सावकाश वाचा.

एक आधीच सांगतो. आता सगळे हसतात, मीही हसतो. पण त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं!

*

दोन हजार सातचा उन्हाळा. मी तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेलो. आनंदची नोकरी नवी, त्याचं प्रोबेझाइट चालू होतं. म्हणजे पहिले सहा महिने. तेवढ्यात साहेबांच्या मनातून उतरला, की माणूस घरी. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की बिऱ्हाड. सगळं एका खुंटीला टांगलेलं.

आणि ती खुंटी म्हणजे उलरिचसाहेब. त्यांची बायको मालिया, हवाई बेटांवरची. मुलाचा पहिला वाढदिवस होता. तिच्या मुलखात पहिल्या वाढदिवसाला सगळ्यांना जेवण घालतात, त्याला लुआऊ म्हणतात. एवढंच मला सांगितलेलं. आनंदनं सकाळपासून मदतीला येतो म्हणून कबूल करून टाकलं होतं, आम्हा सगळ्यांना घेऊन.

मला म्हणाला, "बाबा, तिथं काही बोलू नका. फक्त हसा."

न बोलणं सोपं होतं. तीस वर्षं खाणीत दगड फोडले, मुकादमापुढं कधी तोंड उघडलं नाही. हसायची मात्र सवय नाही. म्हणून आदल्या दिवशी आरशापुढं उभा राहून हसून पाहिलं. माझी नात मैत्री, आठ वर्षांची, दारातून बघत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मन. आईला काहीतरी म्हणाली आणि पळाली.

"काय म्हणाली गं?"

"आजोबांचे दात दुखतात का, विचारतेय!"

*

बागेत शिरलो तर मधोमध खड्डा. साडेपाच फूट लांब, कमरेइतका खोल. बाजूला मातीचा ढीग, त्यात फावडं रोवलेलं, आणि उलरिचसाहेब घाम पुसत उभे.

मी टोपी काढली. आनंदच्या कानाशी लागून विचारलं, "कोण गेलं रे?"

"बाबा, डुक्कर भाजायचंय त्यात! खाली तापलेले दगड, त्यावर डुक्कर, त्यावर पानं, वरून माती. तिकडची पद्धत आहे."

हुश्श म्हणतोय तोच फाटकाशी पोलिसांची गाडी. शेजारच्या म्हातारीला माझ्यासारखंच वाटलं होतं. फरक इतकाच, की तिच्याकडं फोन होता!

मी थेट अवजारांच्या खोपटामागं. पासपोर्ट घरी राहिलेला! फटीतून बघतोय. पोलीस खड्ड्यात वाकला, मालियाचं ऐकून घेतलं, वहीत काहीतरी लिहिलं. जाता जाता त्यानं काही विचारलं आणि आनंद हसला.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मी बाहेर आलो. "काय विचारलं त्यानं? माझं नाव?"

"नाही बाबा. जेवण किती वाजता निघेल, विचारत होता."

*

मागं वळतो तर मालियाची आई. नातवाच्या वाढदिवसासाठी तिकडून आलेली, माझ्याच वयाची, ऐसपैस बाई. काही कळायच्या आत तिनं माझ्या गळ्यात फुलांचा हार घातला.

आता तुम्हीच सांगा. आमच्याकडं माझ्या वयाच्या माणसाचा हार फोटोला पडतो. समोर माणूस मावेल एवढा खड्डा. शेजारी लाकडं रचलेली. मी घाईघाईनं हार काढला.

बाईंचा चेहरा उतरला. आनंद हळूच म्हणाला, "बाबा, घालणाऱ्यासमोर हार काढणं म्हणजे त्यांच्यात अपमान!"

झालं, गेली नोकरी. आता सावरायचं कसं? मी तोच हार दोन्ही हातांनी उचलला आणि मानानं बाईंच्या गळ्यात घातला. बाई एकदम खूश! आपल्या गळ्यातला काढून तिनं माझ्या गळ्यात घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सुजातानं कपाळाला हात लावला. "अहो बाबा, हार झाले, टाळ्या झाल्या. आता ह्यांना आम्ही काय म्हणायचं?"

*

मग त्या बाईंनी वाटी आणली. जांभळट, घट्ट. बोट बुडवलं तर सभेची पोस्टरं चिकटवायला आम्ही खळ शिजवायचो, थेट तशी. अळूच्या कंदाची असते म्हणे, पोई नाव. आंबट झालेली. जर्मन मंडळी चमचे शोधत होती, मी बोटांनी खाल्ली. बाईंनी मान डोलावली. बोटांनीच खायची असते ती.

साहेबांनी विचारलं, "गुट?" म्हणजे चांगलं आहे का. मला बोलायची बंदी. मी हसलो. त्यांनी आणखी एक वाटी भरली. ती संपवून पुन्हा हसलो. तिसरी आली.

"आनंदा," मी म्हटलं, "आता रडलो तर चालेल का?"

*

आता दगडांचा. सगळ्यांना हाच हवा असतो.

लाकडं खड्ड्यात उतरवली, साहेबांनी जाळ लावला आणि वर दगड रचले. नारळाएवढे, गुळगुळीत, सुंदर. कालच राइन नदीच्या काठावरून ट्रेलर भरून आणले, असं ते अभिमानानं सगळ्यांना सांगत होते. मी एक उचलून पाहिला. खालची बाजू अजून ओली.

मी तो लगेच खाली ठेवला.

खाणीत एकदा मुकादमानं चहाच्या चुलीला ओढ्यातले गोटे लावले होते. मला कळत होतं. पाण्यातला दगड आत पाणी धरून बसतो, तापला की फुटतो. पण मुकादमाला कोण सांगणार? मी गप्प राहिलो. माझ्या जोडीला काम करणारा किसन फुंकणी घेऊन वाकला आणि गोटा फुटला. त्याचा डावा डोळा गेला. चाळीस वर्षं झाली, मी अजून किसनच्या त्या डोळ्याकडं बघू शकत नाही.

आणि इथं खड्ड्याभोवती पोरंच पोरं! मैत्री काठावर मांडी घालून बसलेली, मालियाच्या कडेवर वाढदिवसाचं बाळ. मालियाच्या आईला विचारावं, तर त्या स्वयंपाकघरात. त्यांच्याकडं ही भट्टी पुरुषांचं काम.

"आनंदा, हे दगड फुटणार. साहेबांना सांग."

"बाबा, प्लीज! सगळ्यांसमोर साहेबांना चुकीचं ठरवू? अजून दोन महिने राहिलेत माझे."

त्याला तरी काय बोल लावू? माझाच मुलगा तो.

तेवढ्यात दगडांना घाम फुटला. आतून बारीक सूं सूं ऐकू यायला लागलं. तो आवाज मी ओळखतो.

मी मैत्रीजवळ गेलो. "बाळा, मोठ्यानं सांग. दगड फुटणार, सगळ्यांनी मागं व्हा."

तिनं माझ्याकडं पाहिलं. या खेपेला दात दुखतात का विचारलं नाही. उठली आणि जर्मनमधून अशी किंचाळली, की पोरं पळाली. मालियाही बाळाला घेऊन मागं सरली.

एकटे उलरिचसाहेब हलले नाहीत. "या, या," म्हणजे हो हो, म्हणत हसले आणि लाकूड सारायला खड्ड्यावर वाकले.

मी साहेब माणसाला जन्मात हात लावला नव्हता. त्या दिवशी त्यांच्या गळ्यातल्या हारासकट कॉलर धरली आणि होतं नव्हतं ते बळ लावून मागं ओढलं! साहेब गवतावर उताणे. मी त्यांच्या शेजारी. फुलं चहूकडं.

आनंद पांढराफटक पडलेला. सगळे माझ्याकडं बघतायत, आणि दगड फुटेना! एक श्वास गेला, दोन गेले, पाच गेले. मनात म्हटलं, म्हाताऱ्या, पोराचं घर मोडलंस.

आणि फाडकन आवाज झाला.

साहेब उभे होते त्याच्या मागं पत्र्याची पाण्याची झारी होती. छातीच्या उंचीवर, भिंतीवर ठेवलेली. तिला या बाजूनं त्या बाजूला भोक. पाणी सावकाश गळत होतं.

साहेब पडल्या पडल्या झारीकडं बघत राहिले. मग मान न उचलता हळूच आनंदला काहीतरी म्हणाले.

आनंदनं माझ्याकडं पाहिलं. "बाबा, साहेब विचारतायत, आता उठू का?"

मी खड्ड्यातल्या सूं सूंकडं कान दिला. हसलो नाही.

"सांग त्यांना," म्हटलं, "अजून दोन बाकी आहेत."