मावशीची पावडर

अख्ख्या खालापूर तालुक्यात माझ्या घरमालकिणीइतकी पावडर लावणारं माणूस झालं नाही, होणारही नाही. भात लावायला चिखलात उतरायची, तरी आधी मानेवर पांढरा थर. कुणाशी भांडायला जायचं असलं की जरा जास्तच. मयताला निघाली तरी डबा हातात. मी बघतच राहिले तर म्हणाली, "मेलेल्याला शेवटचं बघायचं, ते नीट तोंडानं बघावं गं." मी परभणीकडची, सातवीत शाळा सुटलेली, इथं कंपनीत पॅकिंगच्या कामाला आलेली. खोली मागायला गेले तेव्हा रडून रडून तोंड सुजलं होतं. तिनं पाणी विचारायच्या आधी माझ्या गालांना पावडर फासली आणि मग भाडं सांगितलं. तेव्हापासून ती माझी मावशी. इथं मायेचं म्हणून दुसरं कुणी नाही मला.

गावात शिबिर झालं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पन्नाशी उलटलेल्या बायकांना छातीचा तो मॅमोग्राफीचा फोटो काढून घ्यायला सांगितलं, म्हणून आम्ही एसटीनं पनवेलच्या इस्पितळात गेलो. डॉक्टरांसमोर उभं राहायचं म्हणून त्या दिवशी मावशीनं काखेतसुद्धा जागा सोडली नव्हती. फोटोत डाव्या बाजूला रव्यासारखे पांढरे दाणे दिसले. मग तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, पावडर लावली होती का, कधी कधी तीही अशीच दिसते. आयुष्यात कुठल्या प्रश्नानं मला एवढा आनंद झाला नव्हता. मावशीनं बाहेरच्या सगळ्या रांगेला सांगून टाकलं, "आजार नाय ओ, माझा डबा हाय." नळाखाली घासून घासून ती लाल झाली. पुन्हा फोटो काढला. दाणे होते तिथंच होते.

डॉक्टरबाई समजावत होत्या की ही कॅन्सरची सुरुवात असेल किंवा नसेलही, काढून तपासल्याशिवाय कळायचं नाही. मोठी कापाकापी नाही. भोक असलेल्या टेबलावर पालथं झोपायचं, छाती त्या भोकातून खाली सोडायची, जागा बधिर करून फोटोत बघत बघत सुई घालायची आणि ते दाणे आजूबाजूच्या मांसासकट ओढून घ्यायचे. मावशीनं सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हंजी मी म्हशीसारखी वर, आन तुमी खालून धार काढणार." डॉक्टरबाई हसल्या. मला हसू येईना, कारण तिचा हात माझ्या हातात होता आणि तो गार पडला होता.

दार लागलं. आतून यंत्राची घरघर, आणि त्यातूनच मावशी डॉक्टरबाईंना लग्न झालं का विचारत होती. त्या तिला न हलता पडून राहा असं सांगत होत्या. दाणे सगळे निघाले. ते कसले, हे रिपोर्ट सांगणार होता. रिपोर्ट येईपर्यंत मावशीनं डबा उघडला नाही. शेजारणीशी भांडणसुद्धा तिनं तशाच कोऱ्या मानेनं केलं, आणि हरली. तिला हरलेलं बघून मला जास्तच धडकी भरली.

रिपोर्ट चांगला आला. कॅन्सर नव्हता, सहा महिन्यांनी फक्त पुन्हा फोटो. घरी आल्यावर दार लोटून तिनं मला व्रण दाखवला, मुंगी चावल्याएवढा.

"एवढ्याशा भोकातनं केवढं भ्या गेलं बघ."

तिचं गेलं. माझं अजून गेलं नाही. कामावरून येताना मी गल्लीच्या तोंडाशी जरा थांबते, आणि मावशी कुणाला तरी झापतेय हे कानावर आलं की मगच पुढं पाऊल टाकते.