खोकला नेहमी दुसऱ्याच्या घरात

टीबीविरुद्ध प्रचाराची नोकरी केलेल्या माणसाजवळ किश्शांना तोटा नसतो. रिटायर झाल्यावर मित्र म्हणतात, "सांग ना भाऊ, काही हसण्यासारखं." सांगतो. पण सांगता सांगता माझंच डोकं फिरतं, त्याला माझा इलाज नाही. ऐंशी सालाच्या आगेमागे मी भंडारा जिल्ह्यात गावोगाव फिरायचो. सायकल, भोंगा आणि पोस्टरांची गुंडाळी.

पोस्टर वरच्या ऑफिसातून छापून यायचं. त्यात टाय लावलेला एक गोरागोमटा साहेब रुमालात खोकतोय. लाखांदूरच्या बाजारात एक म्हातारा शेतकरी ते बराच वेळ पाहत राहिला.

"हा साहेबलोकायचा रोग दिसते जी."

"नाही बाबा, कोणालेही होते."

"मंग आमच्यासारखा माणूस काहून नाही काढला?"

मी हाच प्रश्न ऑफिसला लिहून पाठवला. उत्तर म्हणून त्याच पोस्टरचे आणखी दोन गठ्ठे आले.

मोहाडीकडच्या एका गावात सभा घेतली. तासभर घसा फोडला. खोकताना तोंडावर फडका धरा, कुठंही थुंकू नका, खोकला थांबत नसेल तर दवाखान्यात या. मग सरपंच आभार मानायला उठले. "साहेबानं आपले डोळे उघडले. आपल्या गावात हा रोग नाही, याचा आपल्याले अभिमान पाहिजे."

समोर बसलेली तीन माणसं खोकत होती. टाळ्या त्यांनीही वाजवल्या.

एका पोराला महिन्याच्या गोळ्या दिल्या, त्या आठ दिवसांत संपल्या. मी चौकशीला घरी गेलो. बाप म्हणाला, "धानाची रोवणी चालू आहे जी. गोळ्या ताकदीच्या. त्यानं एकट्यानंच काहून खाव्या? साऱ्या घरानं खाल्ल्या."

"मग बैलांनी काय घोडं मारलं होतं?" मी भडकून विचारलं.

बाप विचारात पडला. "त्यायलेही द्याच्या होत्या का जी?"

सगुणाचं मात्र हसून सांगता येत नाही. कारधा गावची लेक, लग्नाला दोनच वर्षं झालेली. टीबी निघाला तसं सासरच्यांनी तिला एसटीत बसवून माहेरी पाठवलं. रीतच तशी. सून घरात राबते तोवर त्यांची, खाटेवर पडली की बापाची. "बरी झाली की आणून घालाल," एवढा निरोप.

दीड वर्षाचं औषध. एक गोळी, एक इंजेक्शन चुकवलं नाही पोरीनं. दर खेपेला एकच विचारायची, "भाऊ, मले नेतील ना परत?" मी म्हणायचो, "नेतील." कशाच्या जोरावर म्हणायचो, देव जाणे.

मधल्या काळात तिच्या नवऱ्याला तपासायला तीनदा बोलावलं. तो फिरकला नाही. सासूनं कळवलं, "माह्या पोराले काही नाही. रोग तिनं माहेरून आणला."

शेवटी सगुणा बरी झाली. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी स्वतः तिला सासरी पोचवायला गेलो. नवरा ओट्यावर बसला होता. सासू दारातच उभी राहिली.

"बरी झाली, चांगलं झालं. पण दीड वरीस घरचं कोण करन? आमी दुसरी केली."

माझा तोल सुटला. त्या दिवशी मी जे बोललो ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. तेवढ्यात आतून एक कोवळी पोरगी पाण्याचा गडवा घेऊन आली. गडवा खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावून खोकत राहिली.

सगुणानं तिला विचारलं, "कवापासून खोकलून राहिली बाई?"

"दोन महिने झाले."

सगुणानं माझ्या पिशवीत हात घातला. थुंकी तपासायची डबी काढली, आणि नेऊन नवऱ्यासमोर ठेवली.

"पयले तुमी."